यादी डोक्यातून भिंतीवर

(आमच्या सामुदायिक रेडिओवर दुपारच्या कार्यक्रमात झालेलं हे बोलणं. ‘लिहून मिळेल का?’ असं विचारणारे बरेच फोन आले, म्हणून जसं बोललो तसंच, थोडं नीट लावून इथं देत आहोत.)

मैत्रिणींनो, जेवणं झाली असतील, भांडी घासायची असतील, कुणी शिवणयंत्रावर बसली असेल, कुणी गवताचा भारा टाकून नुकती टेकली असेल. हातातलं काम चालू द्या आणि ऐका.

आजचा विषय बाजारहाट. ऐकून काहीजणी हसतील. म्हणतील, आता बाजार करायला रेडिओनं शिकवायचं का? खरंच आहे. कोथिंबिरीची जुडी कशी निवडायची, कुठल्या वेळी भाव उतरतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आम्ही ते सांगणारही नाही. आम्ही बोलणार आहोत ते दुकानाच्या फेऱ्यांबद्दल. त्या फेऱ्यांत आपला किती वेळ जातो, कुणाचा जातो, आणि तो कसा वाचवता येतो याबद्दल.

हा विषय आम्हाला सुचला तो एका दुखण्यातून. गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकीचं पोटाचं ऑपरेशन झालं. सात दिवस दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवशी सलाईन चालू असतानाच घरून फोन आला, ‘अगं, साखर संपलीय, किती आणू?’ संध्याकाळी सासूबाईंचा फोन, ‘हरभऱ्याची डाळ कंच्या डब्यात हाय?’ रात्री मुलीचा, ‘आई, उद्या डब्याला काय नेऊ?’ नर्सबाई शेवटी म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही आराम करायला आलाय का घर चालवायला?’

आठव्या दिवशी ती घरी आली आणि स्वयंपाकघरात डोकावली. साखर चार किलो होती. तेलाच्या तीन पिशव्या फोडलेल्या होत्या. तूरडाळ नव्हती, मीठ संपत आलं होतं. घरातली माणसं काही वाईट नव्हती. नवरा रोज कामावरून येताना दुकानात जात होता, सासूबाई गुडघे दुखत असतानाही चुलीपाशी उभ्या राहत होत्या. पण कुठला डबा किती भरलाय, काय कधी संपतं, काय कुठून आणायचं, हे सगळं एकाच बाईच्या डोक्यात होतं. आणि ती बाई दवाखान्यात होती.

ती आम्हाला म्हणाली, ‘ऑपरेशनचं दुखलं नाही एवढं ते फोन दुखले.’ त्या दिवशी आम्ही सहा जणींनी ठरवलं की आपण आधी आपलीच तपासणी करू.

आधी आठवडाभर नुसतं लिहा

आम्ही काहीही न बदलता एक आठवडा फक्त लिहून काढला. दुकानाची, भाजीची, गिरणीची, डेअरीची, जी फेरी होईल ती वहीत मांडायची. कोण गेलं, काय आणलं, किती वेळ लागला, एवढंच.

वह्या समोर ठेवल्या तेव्हा आम्हीच गप्प झालो. एका घरी आठवड्यात १९ फेऱ्या झाल्या होत्या. त्यातल्या बहुतेक एकाच वस्तूसाठी. सकाळी चहापूड, दुपारी अंगाचा साबण, संध्याकाळी जिरं. दुकान जवळच, पण जाणं, थांबणं, दोन शब्द बोलणं आणि परत येणं मिळून एका फेरीला पंधरा मिनिटं धरा. १९ फेऱ्यांची २८५ मिनिटं होतात. म्हणजे पावणेपाच तास. अर्ध्या दिवसाच्या मजुरीएवढा वेळ, तोही तुकड्यातुकड्यांनी गेलेला, त्यामुळे तो गेल्याचं कधी जाणवलंच नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. एका वस्तूसाठी गेलेलं माणूस एकच वस्तू घेऊन परत येत नाही. पोरगं सोबत असेल तर कुरकुऱ्याचं पाकीट येतं, समोर बिस्किटं दिसली की ती येतात. वहीत ही वरची खरेदी वेगळ्या रकान्यात लिहा. कुणाला बोल लावायला नाही, आपल्याला कळावं म्हणून.

तेव्हा मैत्रिणींनो, पहिलं काम हेच. सात दिवस काहीही सुधारू नका. फक्त लिहा.

सामानाच्या चार वाटण्या

आपल्या आज्यांना हे शास्त्र माहीत होतं. त्या चैत्र-वैशाखात वर्षाची बेगमी करायच्या. तिखट, हळद, डाळी, पापड, कुरडया, सगळं पावसाच्या आत डब्यात. आपलं घर आता तसं राहिलं नाही, जागा कमी आणि हातात वेळ कमी. पण त्यांची वाटणी अजून कामाला येते. सामान चार ठिकाणी वाटून घ्या.

वर्षाचं: तिखट, हळद, गोडा किंवा काळा मसाला, चिंच, आणि जमत असेल तर गहू-ज्वारी. हे नवीन माल आल्यावर, उन्हं असताना घ्यायचं.

महिन्याचं: डाळी, साखर, तेल, चहापूड, पोहे, रवा, शेंगदाणे, मीठ, साबण, धुण्याची पावडर. याला आपण वाणसामान म्हणतो.

आठवड्याचं: भाजी, फळं, कांदे-बटाटे, लसूण, अंडी. हे आठवडी बाजाराच्या दिवशी.

रोजचं: दूध, आणि फार तर कोथिंबीर. रोजच्या यादीत याहून जास्त काही येत असेल तर समजायचं की वरच्या तीन वाटण्यांत कुठेतरी काही विसरलंय.

जिरं संपलं म्हणून आपण संध्याकाळी पळतो तेव्हा महिन्याची वस्तू रोजच्या वाटणीत घुसलेली असते. आम्ही वहीतली प्रत्येक फेरी या चार नावांखाली मांडली, तेव्हा १९ पैकी सहा-सातच खरोखर लागणाऱ्या निघाल्या.

महिन्याला किती लागतं हे कसं काढायचं

‘अंदाजानं आणते’ असं आपण म्हणतो. अंदाज चुकत नाही, पण तो दुसऱ्याला सांगता येत नाही. म्हणून तो आकड्यात आणायचा. त्याची सोपी रीत अशी. नवीन पाकीट फोडून डब्यात ओतलं की झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून तारीख लिहा. डबा संपला की पुन्हा तारीख बघा. दोन किलो तूरडाळ फोडल्यावर १६ दिवसांनी संपली, तर महिन्याला पावणेचार किलो लागते. दोन महिने असं केलं की घरातल्या सगळ्या वस्तूंचं माप हातात येतं.

काही मापं तोंडी हिशेबानंही निघतात. साखरेचं बघा. चहाचा चमचा साधारण पाच ग्रॅमचा. कपाला दोन चमचे, दिवसाला दहा कप चहा, म्हणजे रोजची शंभर ग्रॅम आणि महिन्याची तीन किलो. पाहुणे-रावळे धरून साडेतीन. मग चार किलो साखर कशाला आणायची आणि दोन किलोवर महिना कसा निघेल, दोन्ही प्रश्न सुटतात.

तेलाचं तर जरूर बघा. डॉक्टर सांगतात की माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर तेल पुरे. सहा माणसांच्या घरात तीन लिटर. आमच्यातल्या दोघींच्या घरी पाच लिटर जात होतं हे माप घेतल्यावरच कळलं. यादी करताना तब्येतीचाही हिशेब आपसूक झाला.

रेशन आधी, यादी मग

ज्यांच्याकडे रेशनकार्ड आहे त्यांनी वाणसामानाची यादी रेशन आणल्यावर करावी. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला कार्डामागे ३५ किलो धान्य मिळतं, आणि सध्या ते मोफत आहे. गहू किती आणि तांदूळ किती हे कमीजास्त होतं. म्हणून आधी धान्य हातात येऊ द्या, मग ते मापातून वजा करा आणि उरलेलंच यादीत लिहा. नाहीतर दुकानातून तांदूळ आणतो आणि दोन दिवसांनी रेशनचा तांदूळ येतो. पावसाळ्यात त्यात किडे होतात.

ई-पॉस यंत्रावर अंगठा लावल्यावर पावती निघते ती मागून घ्या आणि घरी जपून ठेवा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर बाहेरगावी जाणाऱ्या मैत्रिणींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. आधार जोडलेलं असेल तर कार्डावरचं धान्य दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या राज्याच्या रेशन दुकानातूनही घेता येतं. जाण्याआधी आपलं आधार जोडलेलं आहे ना, हे आपल्या दुकानात विचारून घ्या.

दोन डब्यांची रीत

वस्तू संपल्यावर आणायला जायचं नाही, संपायच्या आधी यादीत लिहायची. पण संपत आली हे ओळखायचं कसं? त्यासाठी प्रत्येक वस्तूचे दोन साठे करा. एक वापरातला डबा आणि एक मागं ठेवलेलं न फोडलेलं पाकीट. पुढचा डबा संपला की मागचं पाकीट फोडायचं आणि त्याच क्षणी, हात पुसून, ती वस्तू यादीत लिहायची. जो फोडेल तो लिहील. म्हणजे सामान संपल्याचं यादीला आधी कळतं आणि आपल्याला पळापळ करावी लागत नाही.

यावर आमच्या कार्यक्रमात एका ताईंनी फोन करून फार खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘आमच्या घरी मजुरी आठवड्याला येती. महिन्याचं सामान एकदम भरायला पैसे कुठले? तुमची रीत पगारवाल्यांची.’

ताई, तुमचं बरोबर आहे. म्हणून ही रीत एकदम करू नका. मिठापासून सुरुवात करा, कारण मीठ स्वस्त. या आठवड्यात मिठाची एक पिशवी जास्त आणून मागं ठेवा. पुढच्या आठवड्यात चहापूड, त्याच्या पुढच्या आठवड्यात अर्धा किलो साखर. दर आठवड्याला एकच वस्तू. दहा आठवड्यांत दहा वस्तूंचं मागचं पाकीट तयार होतं. ज्या आठवड्यात दवाखाना निघाला, काम लागलं नाही, त्या आठवड्यात काही वाढवू नका. उलट तेव्हाच हे मागचं पाकीट उपयोगी पडतं.

उधारीच्या वहीबद्दलही बोलू. आपल्यापैकी कितीतरी जणींचं घर या वहीवर चालतं, आणि २०२०च्या टाळेबंदीत याच वहीनं कित्येकींना तारलं. तिला नावं ठेवायची नाहीत. पण वही एकट्या दुकानदाराकडे असू नये. त्यानं लिहिलं की तिथंच आपल्या वहीत तारीख, वस्तू, रक्कम उतरवून घ्या. वही असली की आपण भाव विचारायला संकोचतो, तो संकोच सोडा. उधारी आहे म्हणजे भाव विचारायचा नाही असा काही नियम नाही.

पाकिटावरचं वाचा

पाच-दहा रुपयांचं छोटं पाकीट परवडतं असं वाटतं. चहापूड, हळद, डाळ अशा गोष्टींत ते बहुतेक वेळा महाग पडतं. समजा, शंभर ग्रॅमची पुडी २० रुपयांची आहे आणि अर्धा किलोचं पाकीट ८० रुपयांचं. तर पुडीचा किलोचा भाव २०० झाला आणि पाकिटाचा १६०. पण मोठं म्हणजे नेहमी स्वस्तच, असंही नाही. शाम्पूच्या छोट्या पुड्या कधीकधी बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. म्हणून आकार बघू नका, भाव बघा. आता पाकिटावर छापील किमतीजवळ ग्रॅमचा, किलोचा किंवा लिटरचा भावही छापलेला असतो. अक्षर बारीक असतं, पण मुलांना वाचायला सांगा. त्यांचा हिशेब पक्का होतो.

तेलाच्या पिशवीवर खास नजर ठेवा. दोन पिशव्या दिसायला सारख्याच असतात. एकीवर १ लिटर लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण ९१० ग्रॅम तेल. दुसरीवर ८५० किंवा ८०० ग्रॅम लिहिलेलं असतं. दहा रुपयांनी स्वस्त म्हणून आपण दुसरी उचलतो आणि महिनाअखेरीस तेल का पुरलं नाही ते कळत नाही.

छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, थंड करायचे म्हणूनसुद्धा नाहीत. सुट्या मालाचा वजनकाटा आपल्याला दिसेल असा हवा आणि माल ठेवण्याआधी आकडा शून्यावर हवा. काही गैर वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लक्षात ठेवा. पण आधी दुकानदाराशी नीट बोला. बऱ्याचदा चूक तिथंच दुरुस्त होते.

बाजारच्या दिवशी

आठवडी बाजाराला निघताना दोन कागद सोबत घ्या. एक सामानाची यादी आणि दुसरा त्या वाटेवरच्या कामांचा. गिरणी, बँक, पोस्ट, औषधं, रिचार्ज, शिवायला टाकलेलं पोलकं. जाताना दळण गिरणीत टाकायचं, येताना उचलायचं. बँकेची वेळ आधी संपते, म्हणून बँक आधी आणि भाजी शेवटी. वाणसामानाची यादी सकाळीच दुकानदाराला द्या किंवा फोनवर तिचा फोटो पाठवा. तो सवडीनं काढून ठेवतो, आपण येताना यादीशी ताडून बघायचं आणि उचलायचं. दुकानात उभं राहायचा वेळ वाचतो आणि समोर दिसलं म्हणून घेतलेलं काहीबाहीही वाचतं.

बाजारात शिरल्यावर पहिली फेरी रिकाम्या हातानं. नुसते भाव विचारत जा. दुसऱ्या फेरीत घ्या. आधी कांदे, बटाटे, भोपळा असं जड सामान एका जागी घेऊन ओळखीच्या बाईपाशी ठेवा, शेवटी टोमॅटो आणि पालेभाजी. पिशव्या घरूनच न्या. आपल्या राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, आणि कापडी पिशवीत भाजी घुसमटतही नाही. एक पिशवी जड सामानाची, एक नाजूक सामानाची, आणि मासळी घेणाऱ्यांनी तिसरी वेगळी.

आता, भाजी किती घ्यायची? यासाठी आठवड्याचा क्रम ठरवा. जी लवकर खराब होते ती आधी खायची. पहिले दोन दिवस मेथी, पालक, शेपू, चाकवत. पुढचे दोन दिवस वांगी, भेंडी, गवार. त्यानंतर दुधी, कोबी, दोडका. शेवटी बटाटा, लाल भोपळा. आणि बाजाराच्या आदल्या दिवशी, जेव्हा टोपली रिकामी असते, तेव्हा मटकीची किंवा मुगाची उसळ. मटकी आदल्या दिवशी सकाळी भिजत घाला, संध्याकाळी उपसून फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी मोड येतात. असा क्रम लावला की सात दिवसांच्या सात भाज्या ठरतात आणि ‘आज काय करू?’ हा रोजचा प्रश्न मिटतो. हा प्रश्नही कामच असतं, मैत्रिणींनो. ते कुणाला दिसत नाही एवढंच.

घरी आल्यावर पालेभाजी त्याच संध्याकाळी निवडून, न धुता, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळा. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नका, बटाट्याला लवकर कोंब येतात. निवडायला सगळ्यांनी बसा. टीव्ही बघत बघत लसूण सोलता येतो आणि तो पुरुषांनाही येतो.

चार घरं मिळून

बचत गटातल्या मैत्रिणींना एक सुचवतो. दहा जणी मिळून तूरडाळीचा ३० किलोचा कट्टा घेतला तर प्रत्येकीला तीन किलो येते, आणि एकीच्याच फेरीत दहा घरांचं काम होतं. पण चार गोष्टी पाळा. कट्ट्याचा भाव दोन दुकानांत विचारून सुट्या भावाशी ताडून बघा, तो दरवेळी कमी असतोच असं नाही. माल उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. वाटणी सगळ्यांसमोर काट्यावर करा. आणि जाणारीचा प्रवासखर्च सगळ्यांनी वाटून घ्या, फेरी मात्र दर महिन्याला वेगळीनं करायची.

साठवणीचंही सांगतो. तूरडाळ चांगलं ऊन दाखवून, गार करून, हाताला एरंडेल लावून चोळून ठेवायची आजीची रीत उत्तम आहे. गव्हात वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवा. डबा पुसून पूर्ण कोरडा झाल्यावरच भरा, आणि जुन्यावर नवीन ओतू नका, जुनं आधी संपवा. एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. धान्यात ठेवायच्या कीडनाशक गोळ्या घरात आणू नका. त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांच्या जिवावर बेततं. चार किडे चाळून काढता येतात, गेलेला जीव परत येत नाही.

यादी भिंतीवर

आता सगळ्यात महत्त्वाचं. आतापर्यंत सांगितलेलं सगळं केलं, पण यादी आपल्याच डोक्यात राहिली, तर वेळ वाचेल पण ओझं तसंच राहील. म्हणून यादी भिंतीवर लावा. मुलांची जुनी पाटी, कॅलेंडरची मागची बाजू, काहीही चालेल. जिथं चहा होतो तिथं, सगळ्यांच्या नजरेला येईल अशी. शेजारी दोरीला पेन्सिल बांधा.

यादी लिहिताना वस्तूचं पूर्ण नाव आणि वजन लिहा. आमच्यातल्या एकीनं ‘पोहे’ एवढंच लिहिलं आणि ह्यांनी पातळ पोहे आणले. दुसऱ्या दिवशी कांदेपोह्यांचा लगदा झाला. चूक कुणाची? ज्यानं आयुष्यात पोहे भिजवले नाहीत त्याला जाडे आणि पातळ यांतला फरक कळणार कसा? तेव्हा ‘जाडे पोहे, १ किलो’ असं लिहा. ‘बारीक रवा, अर्धा किलो.’ ‘हरभरा डाळ, १ किलो, पिवळी, न भाजलेली.’ आपल्याला बाळबोध वाटतं, पण दुसऱ्याच्या हाती काम द्यायचं तर ते त्याला कळेल असं द्यावं लागतं.

ज्यांना वाचता येत नाही अशा सासूबाईंसाठी एका घरी छान युक्ती केली. संपलेल्या वस्तूचं रिकामं पाकीट भिंतीवरच्या पिशवीत टाकायचं. बाजाराला जाणारा ती पिशवी घेऊन जातो. तीच यादी.

आणि मैत्रिणींनो, पहिल्या महिन्यात चुका होणार. मेथीऐवजी शेपू येईल, भाव जास्त लागेल, टोमॅटो दबलेले निघतील. तेव्हा ‘द्या इकडं, मीच जाते’ असं म्हणू नका. हे एक वाक्य बोललो की ते काम पुन्हा आपल्या गळ्यात पडतं, ते कायमचं. शेपूची भाजी करा आणि हसत हसत सांगा की मेथीचं पान गोल असतं. आपणही एका दिवसात शिकलो नव्हतो.

ज्या मैत्रिणीच्या ऑपरेशनपासून हे सुरू झालं, तिचं सांगून थांबतो. तिच्या भिंतीवर आता पाटी आहे. झाकणांवर तारखा आहेत. महिन्याचं सामान नवरा आणतो, बाजारचा दिवस तिचा, दूध आणि दळण मुलाचं. गेल्या महिन्यात भाच्याच्या लग्नाला ती चार दिवस माहेरी गेली. चार दिवसांत घरून एकच फोन आला. तिनं धास्तावून उचलला, तर पलीकडून सासूबाई विचारत होत्या, ‘जेवलीस का गं?’

येत्या आठवड्याचं तुमचं काम लक्षात आहे ना? काहीही बदलायचं नाही. एक वही, एक पेन्सिल आणि सात दिवसांच्या फेऱ्या. पुढच्या आठवड्यात याच वेळी फोन करा आणि तुमचा आकडा सांगा. १९ च्या वर कुणाचा जातो ते बघू.

तोवर नमस्कार.